पकव्यातली मोकळी जागा

मुलांनो,

मागच्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीने मला तिने संगणकावर केलेलं संगीत ऐकवलं. आवाजाचा एकच तुकडा गोल गोल फिरत राहतो आणि ती त्याच्यावर दुसरे आवाज चढवते. एका ठिकाणी तो तुकडा अडखळल्यासारखा वाजला, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "अगं आजी, ती चूक होती. पण मला आवडली, म्हणून ठेवली. तुला नाही कळायचं ते."

मला चांगलं कळलं. आवाजाचं असंच एक वेटोळं मी स्वतः केलेलं आहे. तेव्हा तुमचे आईवडील जन्मायचे होते आणि मुलुंडमध्ये आमच्या इमारतीच्या मागे भातशेती होती. आता ती इमारत पाडून नवी बांधणार आहेत. कपाटं रिकामी करायचं काम सुरू आहे आणि तुमचा मामा जे दिसेल ते भंगारात टाकतो आहे. त्या वेटोळ्याचा डबा मी काल त्याच्या हातून काढून घेतला. डबा आहे तोवर त्याची हकिगत लिहून ठेवते. दुसरं कारण असं, की ह्या प्रकरणात दोन बायकांवर माझा संशय आहे. दोघीही आता नाहीत. पुरावा मी नीट मांडते. निकाल तुम्ही लावा.

पहिली बाई म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी. मी त्यांना आई म्हणत असे. त्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते. ते गेल्यावर आई गावचं घर दिराकडे सोपवून आमच्याकडे आल्या, तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमचे आजोबा विक्रोळीच्या कारखान्यात होते आणि मी घाटकोपरच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. दिवसभर आई घरी एकट्या असत.

आई पकवा करत. तुम्ही हा शब्द ऐकला नसेल. कोकणात बायका फुगडी घालतात तेव्हा ढोलकी नसते. ठेका तोंडाने धरायचा असतो. ओठ, गाल आणि श्वास, एवढ्यावरच. आत घेतलेली हवा आणि बाहेर सोडलेली हवा मिळून असा काही आवाज निघतो की पाय आपोआप उचलले जातात. चांगला पकवा करणारी बाई एक असली तर दहाजणी फिरू शकतात. आई गावात त्यासाठी प्रसिद्ध होत्या, असं माझी नणंद सांगे. मी मात्र तो चोरूनच ऐकला. शाळेतून लवकर आले आणि दाराशी चपला हळू काढल्या, तर आत खोबरं किसण्याच्या तालावर तो चाललेला असे. माझी चाहूल लागली की आवंढा गिळल्याचा एक बारीक आवाज यायचा आणि सगळं बंद.

"आई, थांबलात का?"

"खयचा काय? मी काय्येक करूक नाय," त्या म्हणत आणि पदर तोंडावर ओढून घेत.

विधवा बाईने फुगडीचा ठेका धरायचा नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

दुसरी बाई म्हणजे आमच्या डोक्यावर राहणाऱ्या वहिनी. त्या देशावरच्या, सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. आई त्यांना "वयली" म्हणत, म्हणजे वरची. वहिनी वाईट नव्हत्या, पण त्यांना सगळं माहीत असावं लागे. कोणाकडे कुठला पाहुणा आला, कोणाच्या पिशवीत मटण होतं, कोणाच्या सुनेने दुपारी खिडकी का लावून घेतली. जिन्यावर त्यांची पावलं एका विशिष्ट पायरीवर थांबत. त्या पायरीवरून आमचं स्वयंपाकघर दिसत असे. साखर मागायला येत आणि साखर न घेता जात.

गौरींच्या दिवसांत मंडळाचं हळदीकुंकू आमच्या तळमजल्यावर, जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत, आमच्याच दाराबाहेर व्हायचं. त्यानंतर फुगड्या. आदल्या वर्षी त्या फुगड्यांची अगदी वाट लागली होती. मंडळात कोकणातल्या दोघीच. त्यांचा दम दोन फेऱ्यांत संपला आणि बाकीच्या हसत एकमेकींवर पडल्या. शेजारच्या सोसायटीच्या बायका पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांच्यातली एक जाताना म्हणाली, "तुमच्या फुगडीला दमा झालाय हो, औषध द्या." वहिनींनी हे वर्षभर मनात ठेवलं.

त्या सुमारास आमच्या शाळेत उच्चार शिकवण्यासाठी एक टेपरेकॉर्डर आला होता. लहान सुटकेसएवढा, दोन मोठी चाकं असलेला. मी त्यावर एक युक्ती शिकले होते. एखादं इंग्रजी वाक्य रेकॉर्ड करायचं, फितीचा तेवढा तुकडा कापायचा आणि त्याची दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. मग ते वेटोळं यंत्रातून घालून बाहेर एका बरणीभोवती ताणून ठेवायचं. ते वाक्य मशीन बंद करेपर्यंत पुन्हा पुन्हा बोलत राही. वाक्यानंतर मी तेवढीच कोरी फीत ठेवत असे. त्या शांततेत वर्गाने वाक्य परत म्हणायचं. शाळेचं छत गळत असल्यामुळे मुख्याध्यापिकाबाईंनी पावसाळाभर ते यंत्र माझ्या घरी ठेवायला दिलं होतं.

मंडळाच्या सभेत मी म्हणाले, "ठेका मशीनवर वाजवला तर? मशीन दमत नाही."

"आवाज कोणाचा?" वहिनींनी लगेच विचारलं.

"आमच्या गावाकडच्या एक बाई आहेत. फार छान करतात."

"कुठल्या गावच्या?"

"मालवणकडच्या."

"सवाष्ण आहेत ना?"

मी काही म्हणायच्या आत आमच्या समोरच्या खोलीतली शेजारीण म्हणाली, "काय हो वहिनी, आता आवाजाच्या कपाळावर कुंकू शोधायचं का?" सगळ्या हसल्या. ही शेजारीण कोणाचीही भीड ठेवत नसे. वहिनीसुद्धा हसल्या, पण माझ्याकडे बघत हसल्या. त्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही, हे त्यांच्या लक्षात होतं.

आईंना तयार करणं सोपं नव्हतं. यंत्राकडे त्या सापाकडे पाहावं तशा पाहत होत्या.

"ह्या डब्यात माजो आवाज ऱ्हवतलो?"

"हो."

"मी मेल्यार पण?"

"हो, आई."

"मगे कोणय खयंय नेऊन लावतलो."

"कोणी नेणार नाही. माझ्याकडे राहील."

त्यांनी यंत्राच्या मागे जाऊन पाहिलं. "तोंड दिसात काय ह्येच्यात?"

"नाही, तोंड नाही दिसत. फक्त आवाज."

ह्यावर त्यांनी पाट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "घे मगे. पण एकदाच. आनि दार लाव, वयली येतली."

मी दार लावलं, स्टोव्ह बंद केला. आई पाटावर बसल्या, डोळे मिटले आणि सुरुवात केली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, पायाची बोटं पाटावर आपटत होती. मला वाटलं, ह्या बाईच्या पोटात एक अख्खं गाव आहे. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि त्या ठरावीक पायरीवर थांबली. आई जागच्या जागी गप्प झाल्या. आवंढा गिळला. मी यंत्र बंद केलं.

"झाला तितक्या पुरे," आई म्हणाल्या. पुन्हा करायला त्या तयार झाल्या नाहीत. मीही आग्रह धरला नाही. वहिनींना कळलं तर त्या सगळ्यांसमोर बोलतील आणि मग आई तो ठेका स्वयंपाकघरातसुद्धा सोडून देतील, अशी मला भीती होती. खोबरं किसताना येणारा तो आवाज घरातून गेला असता. फुगड्या बिघडल्या तरी चालतील, पण तो जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी फीत कापायला बसले. आवंढ्याच्या आधी कापायचं, हे ठरलेलं होतं. पण हाताला शाळेची सवय. मी ठेका मोजला, त्यापुढे वर्गासाठी सोडते तेवढी जागा सोडली आणि कापून जोडून टाकलं. लावून ऐकलं तेव्हा कळलं. जोरदार पकवा, मग आवंढा, मग काहीच नाही. मग पुन्हा पकवा. बायका तालमीसाठी आमच्या दाराबाहेर येऊन थांबल्या होत्या. म्हटलं, निदान ऐकवू तर दे, नंतर कापू.

पहिल्या तालमीत व्हायचं तेच झालं. बायका रंगात येऊन गरगर फिरल्या आणि ठेका एकदम नाहीसा झाला. खड्ड्यात पाय पडावा तशा सगळ्या कोलमडल्या. एकीचा अंबाडा सुटला, एकीची बांगडी फुटली.

"हे मुद्दाम ठेवलंयस का गं?" वहिनी म्हणाल्या.

"नाही हो, चुकलं माझं. ब्लेड आणते, आत्ता काढून टाकते."

मी आत गेले. यंत्र तसंच चालू होतं. ब्लेड सापडेना. बाहेरून पकवा ऐकू येत होता, मग शांतता. पुढच्या शांततेत कोणीतरी तोंडाने त्याची नक्कल केली. ती समोरची शेजारीण, मशीनला वेडावत होती. सगळ्या हसल्या. पुढच्या फेरीला दोघीतिघींनी वेडावलं. त्याच्या पुढच्या फेरीला हसणं कमी झालं आणि आवाज वाढला. मी ब्लेड घेऊन दाराशी आले, तर बायका हात धरून उभ्या होत्या. मशीनचा पकवा संपला की मोकळ्या जागेत त्या तोच ठेका परत देत होत्या, अगदी माझ्या वर्गातल्या मुलींसारखा. ज्यांना जन्मात पकवा जमला नव्हता त्यांना तो जमू लागला होता, कारण दर फेरीला एकजण आधी करून दाखवत होती.

"दोन बाजू करा," वहिनी म्हणाल्या. "मशीन बोलेल तेव्हा फिरायचं. थांबलं की जागेवर उभं राहून उत्तर द्यायचं." आणि मग माझ्या हाताकडे पाहून, "ब्लेड ठेव खाली. त्याला आता हात लावायचा नाही."

दम घ्यायला जागा मिळाल्यामुळे कोणी थकत नव्हतं. आदल्या वर्षी दोन फेऱ्यांत बसलेल्या बायका आता थांबायला तयार नव्हत्या. मी आत पाहिलं. आई पाटावर भिंतीला कान लावून बसल्या होत्या. त्यांना उत्तर देणारा हा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

पण वहिनी फिरत नव्हत्या. त्या मशीनजवळ उभ्या होत्या.

"ते मध्ये काय वाजतं गं? आवंढा गिळल्यासारखं?"

"फीत जुनी आहे, वहिनी."

"हं," म्हणाल्या.

त्यानंतर आमच्याकडे साखरेच्या फेऱ्या वाढल्या. वहिनी दारात उभ्या राहून माझ्याशी बोलत आणि डोळे आईंच्या गळ्यावर ठेवत. एकदा म्हणाल्या, "काय काकू, घसा बरा आहे ना?" आईंनी मान हलवली आणि पदर तोंडावरून काढला नाही. वहिनी गेल्यावर मला म्हणाल्या, "त्या बायक समाजला." मी म्हटलं, "नाही समजलं." आई म्हणाल्या, "तुका काय कळता? तू साळंत शिकयतंस." वहिनींना समजलं असेल तर त्या बोलत का नाहीत, हे मला कळेना. मला वाटू लागलं की त्या गौरीच्या दिवसाची, पाहुण्यांची वाट बघत आहेत.

गौरीचा दिवस उजाडला. आता पुरावा नीट वाचा. वेटोळं मी सकाळी यंत्रावर चढवून, बरणीभोवती ताणून, आमच्या दाराच्या आत स्टुलावर ठेवलं. जोडावरची चिकटपट्टी नवी लावली होती आणि नखाने घासून बसवली होती. मग मी मंडळाच्या कामाला बाहेर पडले. दुपारभर घरात आई होत्या आणि नैवेद्याची घावनं करत होत्या. वहिनी आमच्या उंबऱ्याशी बसून तांदळाच्या पिठाची रांगोळी काढत होत्या आणि पाण्यासाठी, फडक्यासाठी आत-बाहेर करत होत्या. तिसरं कोणी आलं नाही. मी आईंना विचारून खात्री केली होती.

संध्याकाळी पाहुण्या जमल्या. दमा म्हणणारी बाई पहिल्या ओळीत बसली होती. हळदीकुंकू झालं, वाण झालं. मी यंत्र दाराच्या फटीत सरकवलं, दार अर्धं ओढून घेतलं आणि बटण दाबलं. आई दारामागे होत्या. ठेका सुरू झाला, बायका फिरल्या, थांबल्या, उत्तर दिलं. पुन्हा फिरल्या. पाहुण्यांची कुजबूज बंद पडली. दमावाली बाई स्वतःच्या नकळत ओठ हलवत होती.

आणि फीत सुटली. बायका उत्तर देत होत्या, तेवढ्यात वेटोळ्याचं टोक बरणीवरून निसटलं आणि यंत्रात फडफडू लागलं. मी बटण बंद केलं. उत्तर संपलं. आता मशीनची पाळी होती आणि मशीन गप्प होतं. बायकांचे हात एकमेकींच्या हातात, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी जोड शोधत होते.

दारामागून पकवा सुरू झाला.

फितीवर होता त्याच्यापेक्षा मोठा आणि जिवंत. बायकांचे पाय आधी निघाले, त्यांना काही कळायच्या आत. आईंनी ठेका तेवढाच धरला, तेवढ्याच ठिकाणी थांबवला आणि जागा सोडली. बायकांनी उत्तर दिलं. मी चुकून सोडलेली जागा त्या आता मुद्दाम सोडत होत्या.

वहिनी रिंगणातून निघाल्या आणि सरळ आमच्या दाराकडे आल्या. मी यंत्रासमोर बसले होते. मला वाटलं, आता त्या दार उघडणार आणि सगळ्यांसमोर विचारणार. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, फटीतून आत पाहिलं, मग वळल्या. दाराच्या फटीला पाठ लावून, पदर दोन्ही बाजूंनी पसरून त्या रिंगणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाहुण्यांना आतलं काही दिसेना.

"मशीन दुरुस्त झालं वाटतं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "थांबू नका गं."

कोणी थांबलं नाही.

त्या तशा का उभ्या राहिल्या, ह्याची दोन कारणं असू शकतात. आईंना कोणी बघून बोलू नये म्हणून, किंवा विधवा बाई गौरीसमोर दिसू नये म्हणून. मी त्यांचा चेहरा पाहिला, पण वहिनींच्या चेहऱ्यावरून कधी कोणाला काही कळलं नाही.

पाहुण्या गेल्यावर मी फीत तपासली. फीत कुठे तुटली नव्हती. चिकटपट्टी फाटली नव्हती. तिचं एक टोक कोणीतरी हळूच उचलून पुन्हा हलकेच टेकवलं होतं, थोडा वेळ टिकेल आणि मग सुटेल इतपत. पट्टीच्या चिकट बाजूला पांढरं काहीतरी लागलं होतं. मी बोटावर घेऊन पाहिलं. तांदळाचं पीठ. त्या दुपारी तांदळाचं पीठ दोघींच्याही हाताला होतं.

वहिनींनी केलं असेल, तर आवाज कोणाचा हे उघडं पाडण्यासाठी. आईंनी केलं असेल, तर कशासाठी, ते तुम्हाला कळेल. मी आईंना विचारलं, "जोड तुम्ही सोडवलात का?"

"माका तुझ्या म्हशीनीचा काय कळता?" त्या म्हणाल्या. पण पदर तोंडावर घेतला नाही, आणि हसत होत्या.

वहिनींना मी विचारू शकले नाही. पुढच्या वर्षी गौरींच्या आधी त्या साखर मागायला आल्या आणि पहिल्यांदाच साखर खरोखर घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "यंदा मशीन आणू नकोस. मशीन सुटतं. दार उघडं ठेव."

मी दार उघडं ठेवलं. आई उंबऱ्याच्या आत पाटावर बसल्या. उंबरा त्यांनी ओलांडला नाही आणि त्यांना कोणी ओलांडायलाही सांगितलं नाही. पुढे श्वास थकेपर्यंत दर वर्षी त्या तिथेच बसल्या. वहिनी दाराजवळ उभ्या राहत आणि अधूनमधून आत बघत. दोघी एकमेकींशी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत; निदान माझ्यासमोर तरी नाही. माझ्या माघारी बोलल्या असतील, असाही मला एक संशय आहे. पिठाचे हात दोघींचे होते आणि दुपार मोठी होती.

डबा बिस्किटांचा आहे, झाकण गंजलंय. आत फितीचा तीन-चार हात लांब तुकडा आहे. चिकटपट्टी वाळून गळून गेली आहे, तिचा पिवळा डाग राहिला आहे. वाजवायला यंत्र माझ्याकडे नाही. तुमच्या आईला पकवा येतो. तो तिला आईंनीच शिकवला. ती करताना मध्ये थांबते, आणि ती जागा पकव्यात मुळापासूनच आहे, असं तिला वाटतं.